नाव फोडणाऱ्यावर कुठलं कलम लागतं? सोलापूर जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातले सर्व आमदार आणि खासदार

सप्रेम नमस्कार,

सोलापुरात कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, २१ वर्षं झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नोटिसा, जे येईल ते टाईप करतो. तुमच्यापैकी काही जणांच्या कार्यकर्त्यांची निवेदनंपण माझ्याच मशीनवर निघालीत, त्यामुळे हा कुठल्या पार्टीचा ते शोधू नका, सगळ्यांनाच लिहितोय. एक प्रश्न आहे जो मला एका माणसानं विचारला आणि त्याचं उत्तर मला दोन वर्षं देता आलं नाही, तो तुमच्यासमोर ठेवायचाय, कारण कायदे तुम्ही करता, आम्ही नुसते टाईप करतो.

आधी काय झालं ते सांगतो. भीमेच्या काठच्या एका गावातला शेतकरी माझ्याकडे आला होता, वय असेल चाळीसच्या आसपास. गावाशेजारी रात्री अकरा वाजल्यानंतर वाळूचे टिपर चालू व्हायचे, नदीत बोटी लावून उपसा, ह्याच्या विहिरीचं पाणी दोन परस खाली गेलेलं, आणि ज्यांनी टिपर पकडायचे तेच लोक टिपर सोडून देतात असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याकडे तारखा होत्या, गाड्यांचे नंबर होते, मुलाच्या वहीच्या पानावर लिहून आणलेले. मी त्याचा अर्ज टाईप केला. शेवटची ओळ होती "माझे नाव गुप्त ठेवावे ही नम्र विनंती". तो म्हणाला मालक ही ओळ जरा ठळक करा की. मी ठळक केली, खाली रेघपण मारली. त्यानं पान दोनदा वाचलं, घडी घालून आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं आणि एका सरकारी ऑफिसात देऊन आला. ऑफिसचं नाव मी लिहिणार नाही.

नवव्या दिवशी दुपारी एक पोरगा बुलेटवरून आला, म्हणाला तीन कॉपी मारा. मी झाकण उचलून कागद काचेवर ठेवला आणि हात थांबला. त्या वेळी माझ्या प्रिंटरचा ड्रम खराब झाला होता, प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ यायची, ती रेघ त्या पानावर होती. वर डाव्या कोपऱ्यात आवकचा गोल शिक्का, नंबर, तारीख. हिरव्या शाईत शेरा, "आवश्यक कार्यवाहीस्तव". आणि खाली ती ठळक ओळ, मी स्वतः रेघ मारलेली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच माणसाच्या हातात तो कागद होता, आणि तो माझ्याच दुकानात आला होता.

मी तीन कॉप्या मारून दिल्या. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, हे आज उघड लिहितोय कारण ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो गेल्यावर लगेच त्या शेतकऱ्याला फोन लावला, लागला नाही. संध्याकाळी चार जण त्याच्या घरी गेले. मारहाण काही नाही, बाजेवर बसले, त्याच्या आईनं चहा दिला, आणि जाताना कागदाची कॉपी बाजेवर ठेवून गेले. बस्स. नंतर मोटारीची केबल दोनदा कापली गेली, ऊस तोडायला टोळी येईना, डेअरीवर दुधाला फॅट लागेना. त्या आठवड्यात त्याच्याकडे जो जो आला होता, मेव्हणा असो नाहीतर पलीकडच्या वस्तीवरचा ड्रायव्हर, सगळ्यांकडे संशयानं बघायला लागले, गाड्यांचे नंबर कोणी दिले म्हणून. चार महिन्यांत जमीन बटईनं देऊन तो पुण्याकडं गेला, आता एका सोसायटीच्या गेटवर उभा असतो. तिथून त्यानं मला फोनवर विचारलं, "मालक, वाळू चोरणाऱ्याला चोरीचं कलम आहे, मग ज्यानं माझं नाव दिलं त्याला कुठलं कलम आहे?"

मी चार वकीलसाहेबांना विचारलं. चौघांनी चार कलमं सांगितली आणि प्रत्येकानं शेवटी "पण" लावला. त्यातल्याच एका साहेबांनी सांगितलं की अरे ह्याच प्रश्नावर अमेरिकेत व्हाईट हाऊस हललं होतं, ते वाच. मी वाचलं. थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे काय करायला पाहिजे आणि काय चुकू शकतं ते दोन्ही त्यात दिसतं.

व्हॅलरी प्लेम नावाची बाई सीआयएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत होती, गुप्तपणे काम करणारी, अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणून माहिती गोळा करायचं तिचं काम. नवरा जोसेफ विल्सन हा माजी राजदूत. इराक आफ्रिकेतल्या नायजर देशातून युरेनियम घेतोय का हे बघायला २००२ च्या फेब्रुवारीत सीआयएनं त्याला तिकडं पाठवलं, तो परत येऊन म्हणाला असं काही दिसत नाही. तरी जानेवारी २००३ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सद्दाम आफ्रिकेतून युरेनियम मिळवायला बघत होता असं सांगितलं आणि मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. ६ जुलै २००३ ला विल्सननं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपण काय बघितलं ते जाहीर केलं. आठ दिवसांनी, १४ जुलैला, रॉबर्ट नोव्हाक नावाच्या पत्रकाराच्या कॉलममध्ये छापून आलं की विल्सनची बायको सीआयएची आहे, नावासकट, आणि माहिती प्रशासनातल्या दोन मोठ्या अधिकाऱ्यांची असंही त्यातच होतं.

एका ओळीत त्या बाईची गुप्त कामातली नोकरी संपली. आणि नुसती तिची नाही. तिनं वरवर जिथं नोकरी करते म्हणून दाखवलं होतं ती ब्रूस्टर जेनिंग्स नावाची कंपनी फक्त कागदावर होती, काही महिन्यांत ते नावही बाहेर आलं, म्हणजे त्या कंपनीचं कार्ड दाखवून जे कोणी फिरले आणि ज्यांना भेटले त्या सगळ्यांकडे बोट दाखवता आलं. मेव्हण्याचं आणि ड्रायव्हरचं जे झालं ते मला इथं आठवलं. नाव एकाचं फुटतं, उघडे बरेच जण पडतात.

आता कायद्याचं. अमेरिकेत ह्यासाठी खास कायदा आहे, १९८२ चा. अथेन्समधला सीआयएचा प्रमुख रिचर्ड वेल्च याचं नाव छापून आलं होतं आणि डिसेंबर १९७५ मध्ये त्याला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या, त्यानंतर कायद्याची मागणी जोर धरत गेली. पण गुन्हा सिद्ध करायच्या अटी बघा. ज्यानं नाव फोडलं त्याला ती गुपित माहिती अधिकृतपणे बघायचा हक्क पाहिजे, त्यानं जाणूनबुजून सांगितलेलं पाहिजे, तो माणूस गुप्त एजंट आहे हे त्याला माहीत पाहिजे, सरकार ती ओळख लपवायचा प्रयत्न करतंय हेपण माहीत पाहिजे, आणि तो एजंट मागच्या पाच वर्षांत परदेशात कामावर असलेला पाहिजे. एवढ्या सगळ्या गाठी सुटल्या तर शिक्षा, त्या वेळी १० वर्षांपर्यंत.

पॅट्रिक फिट्झजेराल्ड नावाचा विशेष सरकारी वकील नेमला, डिसेंबर २००३ मध्ये, कारण तिथल्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखानं, स्वतःला बाजूला केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, पुढं सांगतो का ते. तपासात निघालं की नोव्हाकला पहिल्यांदा सांगणारा परराष्ट्र खात्यातला दोन नंबरचा माणूस, रिचर्ड आर्मिटेज, आणि दुजोरा देणारा बुश यांचा सल्लागार कार्ल रोव्ह. आर्मिटेज म्हणाला बोलताबोलता निघून गेलं, ती गुप्त एजंट आहे हे मला ठाऊक नव्हतं. "ठाऊक नव्हतं" म्हटलं की १९८२ च्या कायद्यातली माहीत असण्याची गाठच सुटत नाही. नाव फोडल्याबद्दल एकावरही खटला झाला नाही, एकावरही.

खटला झाला तो उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांचा मुख्य सहाय्यक स्कूटर लिबी याच्यावर, आणि तो खोटं बोलल्याचा, तपासात अडथळा आणल्याचा. मार्च २००७ मध्ये पाचपैकी चार आरोपांत दोषी, ३० महिने कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. जुलैत बुश यांनी कैद माफ केली, तो एक दिवसही आत गेला नाही, आणि २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. ह्या सगळ्यात जेलमध्ये कोण बसलं तर ज्युडिथ मिलर नावाची पत्रकार, २००५ मध्ये ८५ दिवस, कारण आपल्याला कोणी सांगितलं त्याचं नाव ती कोर्टात सांगेना. जिनं प्लेमचं नाव छापलंसुद्धा नव्हतं!

प्लेम आणि विल्सन यांनी भरपाईचा दिवाणी दावा लावला. २००७ मध्ये तो फेटाळला, अपिलातही २००८ मध्ये तेच. मोठ्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांशी बोलणं हे त्यांच्या कामाचाच भाग धरलं गेलं आणि खाजगीपणाच्या कायद्यात जेवढा इलाज दिलाय त्याच्या बाहेर कोर्ट जाणार नाही असं सांगितलं. म्हणजे फौजदारीत "माहीत नव्हतं" आणि दिवाणीत "कामाचा भाग होता".

आणि त्याच १९८२ च्या कायद्यात आत गेलं कोण हे पण वाचलं. १९८५ मध्ये शॅरन स्क्रॅनेज, घानामधल्या सीआयए ऑफिसातली कारकून, तिनं आपल्या मित्राला नावं दिली होती. आणि जॉन किरियाकू, माजी अधिकारी, ज्यानं आधी कैद्यांच्या छळाबद्दल टीव्हीवर तोंड उघडलं होतं, त्यानं एका पत्रकाराला एका सहकाऱ्याचं नाव दिलं म्हणून ३० महिने. त्यांनी केलं ते चूकच, मी त्यांची बाजू घेत नाही. पण खुर्ची जेवढी मोठी तेवढं कलम लांब राहिलं हे दिसतं, आणि आपल्याकडे कायदा करायचा तर पहिली काळजी ह्याची घ्यायला पाहिजे.

आता आपल्याकडं या. सगळ्यात आधी साक्ष अधिनियम. जुन्या कायद्यात कलम १२५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये कलम १३१. मॅजिस्ट्रेट किंवा पोलीस अधिकाऱ्याला गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायला भाग पाडता येणार नाही, असं ते म्हणतं. पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये रोज वाचतो ना आपण, "खास बातमीदारामार्फत मिळालेल्या बातमीवरून", त्याच्या मागे हे कलम उभं आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातपण तसंच, कलम ६८. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत मुंबई क्राइम ब्रँचनं एमडी ड्रग्जचा कारखाना पकडला तेव्हा अख्खं सोलापूर हादरलं होतं, आणि अशी प्रकरणं उघडी पडायची तर कुठंतरी कोणीतरी तोंड उघडावं लागतं.

पण हे कलम १३१ नीट वाचा, मी ते दहा वेळा टाईप केलंय. साहेबाला नाव सांगायला "भाग पाडता येणार नाही" एवढंच त्यात आहे. साहेबानं आपणहून सांगितलं तर? त्याबद्दल एक शब्द नाही. गप्प बसायचा हक्क साहेबाला दिलाय, गप्प बसायचं बंधन त्याच्यावर घातलेलं नाही. ज्याचं नाव आहे त्या माणसाच्या हातात तर काहीच दिलेलं नाही. माझ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर ह्या एका वाक्यात अडकलंय असं मला वाटतं, आणि ह्या पत्रात मला खरं सांगायचंय ते एवढंच आहे.

माहिती अधिकारातपण बघा, कलम ८(१)(छ). ज्यामुळं कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख पटेल अशी माहिती द्यायला ऑफिस नकार देऊ शकतं. म्हणजे मी रीतसर दहा रुपयांचं तिकीट लावून तो अर्ज मागितला असता तर मला नाही म्हणाले असते, आणि बुलेटवाल्याला तोच अर्ज शिक्क्यासकट मिळाला.

मग शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चा. त्यातलं कलम ५ ताणलं तर बसू शकतं, अधिकारपदामुळं कळलेली गुपित माहिती नको त्याला दिली तर ३ वर्षांपर्यंत कैद. पण गुपित म्हणजे काय ह्याची व्याख्या त्या कायद्यात कुठंच नाही, आणि कलम १३ म्हणतं की सरकारनं किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेणार नाही. शेतकरी स्वतः तक्रार करू शकत नाही. ज्या खात्यातून नाव फुटलं त्याच्याच वरच्यांनी ठरवायचं की आपल्या माणसावर केस करायची का. १९२३ साल आहे हे. त्यानंतर सात वर्षांनी इंग्रजांनी ह्याच सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या राज्यानं तो कायदा सरकारची गुपितं लोकांपासून राखायला केला, लोकांचं नाव सरकारी माणसापासून राखायचं त्याच्या डोक्यातही नसणार. आणि आपण अजून तोच ताणतोय. खबरी हा शब्द आपल्याकडे अजून शिवीसारखा वापरतात, त्याचं मूळ त्या काळात असेल काय की. पण आज जो माणूस एमडीची, वाळूची, हातभट्टीची खबर देतो तो कोणाच्या विरुद्ध जातोय? तो आपल्या पोरांसाठी, आपल्या विहिरीसाठी करतोय.

चौथ्या वकीलसाहेबांनी सांगितलं की लोकसेवकानं कोणाला इजा व्हावी म्हणून कायद्याचा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९८ आहे, एक वर्षापर्यंत. मी म्हटलं साहेब, नाव सांगू नको असा आदेशच कुठल्या कायद्यात नाही तर मोडला काय? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले बरोबर आहे तुझं. शिवाय मोठा अधिकारी असेल तर बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची सरकारी परवानगी आधी, आता त्यात १२० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरतात, ही एक सुधारणा झाली ती चांगली झाली. उरली खातेनिहाय चौकशी, तिथं "ताकीद देण्यात आली" पर्यंत गाडी येते.

साक्षीदार संरक्षण योजना आहे की, असं काही जण म्हणतील. आहे, सुप्रीम कोर्टानं ५ डिसेंबर २०१८ ला महेंदर चावला केसमध्ये ती देशभर लागू केली, आता बीएनएसएस कलम ३९८ मध्येपण राज्यांनी योजना करायचं बंधन आहे. योजना चांगली आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, ओळख लपवायची सोय आहे. पण २०१८ च्या त्या योजनेला गुन्हा मोठा लागतो, फाशी, जन्मठेप नाहीतर ७ वर्षांची आणि त्यावरची शिक्षा असलेला, थोडे अपवाद सोडून. वाळूच्या चोरीला चोरीचं कलम लागलं तर ३ वर्षं. आणि समितीकडे जायचं तर आधी धोका दिसायला पाहिजे, ह्याला धोका कळला तोच बाजेवर कागद बघून.

ज्यात अगदी नेमकं कलम आहे असा कायदा तुमच्याच संसदेनं केलाय, ते वाचून तर मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सत्येंद्र दुबे आठवतात का? आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, बिहार-झारखंडमध्ये सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. कामातला भ्रष्टाचार त्यानं २००२ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयामध्ये त्याला गोळ्या घातल्या, वय ३०. २०१० मध्ये कोर्टानं तिघांना जन्मठेप दिली, लुटायला आलेल्यांनी मारलं असं ठरलं. खून कशासाठी झाला ह्यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. पण त्याचं नाव गुप्त ठेवलं नाही ह्यात वाद नाही, आणि त्या पत्रावर शेरे मारून ज्यांनी ते पुढं ढकललं त्यांच्यातल्या कोणाला शिक्षा झाल्याचं मी कुठं वाचलं नाही. तेच टेबल, तीच हिरवी शाई.

त्या प्रकरणानंतर २००४ मध्ये केंद्रानं ठराव काढला, केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रार करायची सोय झाली. मग कायदा झाला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. त्यातलं कलम १६ म्हणतं, तक्रारदाराची ओळख निष्काळजीपणानं किंवा वाईट हेतूनं फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. निष्काळजीपणानंसुद्धा! म्हणजे आर्मिटेजसारखं "बोलताबोलता निघून गेलं" म्हणून सुटका नाही. पण कायदा सुरू व्हायला केंद्र सरकारनं तारखेची अधिसूचना काढावी लागते आणि ती तारीख अजून आलेली नाही. २०१५ मध्ये त्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेबरोबर संपलं. एवढी वर्षं कायदा पुस्तकात छापून पडलाय आणि माझा शेतकरी गेटवर उभा आहे.

खऱ्या गुप्तहेरांची गोष्ट तर वेगळीच. रॉ १९६८ मध्ये सुरू झाली पण तिच्यासाठी संसदेनं कायदा केलेला नाही. १९८५ चा एक कायदा गुप्तचर संघटनांच्या माणसांना वर्तमानपत्रांशी बोलायला बंदी घालतो, २ वर्षांपर्यंत शिक्षा, पण तो संघटनेतल्या माणसाला लागतो, बाहेरच्या मंत्र्याला किंवा त्यांच्या ऑफिसातल्या माणसाला नाही. राजस्थानातल्या एका माजी टपाल कर्मचाऱ्यानं सांगितलं की मला हेरगिरीला पाकिस्तानात पाठवलं, तिथं मला १४ वर्षांची शिक्षा झाली. सरकार म्हणालं आमचा संबंध नाही. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला १० लाख रुपये द्यायला लावले, त्या खंडपीठावर सरन्यायाधीश उदय लळित होते, ज्यांच्या आजोबांनी आपल्या सोलापुरात वकिली केली. पैसे दिले ते माणुसकी म्हणून, तो हेर होता की नाही ह्यावर कोर्टानं मत दिलं नाही. आता सांगा, ज्या माणसाला सरकार आपला म्हणायलाच तयार नाही त्याचं नाव कोणी फोडलं तर तो कुठल्या तोंडानं कोर्टात जाणार.

दोन गोष्टी माझ्या विरोधातल्या आहेत, त्यापण लिहितो, कारण माझ्या दुकानात फिर्यादी आणि आरोपी दोघंही येतात. एक म्हणजे आरोपीचा हक्क. ज्याच्या सांगण्यावर मला आत टाकताय तो कोण हे मला कळलं पाहिजे असं आरोपी म्हणाला तर ते चूक नाही. माझं म्हणणं, जो कोर्टात साक्ष देणार आहे त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे, पण ज्यानं फक्त दिशा दाखवली आणि पुरावा पोलिसांनी स्वतः गोळा केला त्याच्या नावाची खटल्याला गरज पडत नाही, आणि पडली तर ते न्यायाधीशानं ठरवावं, टेबलावरच्या माणसानं नव्हे. दुसरी गोष्ट पत्रकारांची. नाव फोडण्याविरुद्ध कायदा केला आणि तो उद्या पत्रकारालाच लावला तर? मिलरबाईचे ८५ दिवस मी वर लिहिलेत ते त्यासाठीच. आपल्याकडे प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात बातमीचा स्रोत सांगायची सक्ती नाही, पण ती सवलत फक्त कौन्सिलसमोर, कोर्टात नाही. म्हणून शिक्षा ज्याच्या ताब्यात गुपित दिलं होतं त्याला व्हावी, ज्याच्या कानावर पडलं त्याला नको, आणि जो सरकारी माणूस सरकारातलाच गैरव्यवहार बाहेर काढतो त्याच्यावर हे शस्त्र उलटू नये.

मला काय पाहिजे ते साधं आहे. २०१४ चा कायदा चालू करा. जो तक्रारदार सरकारी माणसाविरुद्ध नाही तर बाहेरच्या गुन्हेगाराविरुद्ध खबर देतो तो, आणि बनावट गिऱ्हाईक म्हणून जाणारा साध्या कपड्यातला पोलीस, हे दोघंपण कलम १६ सारख्या संरक्षणात आणा. केस करायची की नाही हे त्याच खात्यानं ठरवायचं नाही, जिल्हा न्यायाधीशांकडं द्या, अमेरिकेत ॲटर्नी जनरल बाजूला झाला आणि वेगळा वकील नेमला तसं. आणि नाव अर्जाच्या पानावर राहायलाच नको, अर्जाला नंबर, नाव बंद पाकिटात, पाकीट कोणी कधी उघडलं त्याची सहीची वही. कोर्टात मुद्देमालाची नोंद ठेवतात तशी. ह्याला पैसे लागत नाहीत, लाखेचं सील आणि एक वही लागते.

हे पत्र लिहायच्या आधी मी त्या शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला लिहा, गावाचं नाव नका टाकू, आई अजून तिथंच आहे. म्हणून नाव टाकलेलं नाही, आणि ओळख पटेल अशा दोन गोष्टी बदलल्यात.

तुम्हाला वेळ नसतो हे मला माहीत आहे, म्हणून माझं काम मी करून ठेवलंय. प्रश्नांचा मसुदा टाईप करून खाली देतोय, तुमच्या लेटरहेडवर घेऊन अधिवेशनात टाका. पहिला खासदारांसाठी, दुसरा आमदारांसाठी.

"जागल्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये संमत झालेला कायदा कोणत्या तारखेपासून अमलात येणार आहे, अद्याप अधिसूचना न काढण्याची कारणे काय, आणि सदर कायदा अमलात नसताना तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्या किती लोकसेवकांवर कोणत्या कलमाखाली कारवाई झाली?"

"नाव गुप्त ठेवण्याची विनंती असलेले किती अर्ज मागील तीन वर्षांत सोलापूर जिल्ह्यातील शासकीय कार्यालयांत आवक झाले, त्यांपैकी किती अर्जांतील नावे संबंधितांपर्यंत पोहोचल्याच्या तक्रारी आल्या, प्रत्येक प्रकरणी तो कागद कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद आहे काय, नसल्यास का नाही?"

आपला,
कोर्टाजवळचा टायपिंगवाला
सोलापूर